विजेची वाट अडवते कोण?

संध्याकाळी घरी यावे, सवयीने बटण दाबावे आणि दिव्याने एकदाच लख्ख चमकून कायमचा निरोप घ्यावा, हा अनुभव पिवळ्या बल्बच्या जमान्यात वाढलेल्या प्रत्येकाच्या गाठीशी आहे. आदल्या रात्री तासन् तास बिनतक्रार जळलेला बल्ब नेमका लावतानाच का उडायचा?

बल्बमधली तार टंगस्टनची. साठ वॅटचा बल्ब २३० व्होल्टवर जळत असताना त्या तारेचा विद्युतरोध, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा, सुमारे ८८० ओहम असतो. तीच तार थंड असताना रोध जेमतेम त्याच्या बाराव्या-पंधराव्या हिश्शाइतका. त्यामुळे बटण दाबताच पहिल्या क्षणी नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह तारेत घुसतो. तार तापली की रोध वाढतो आणि प्रवाह आटोक्यात येतो. पण वापरून वापरून तार एखाद्या जागी झिजलेली असेल, तर तो पहिला धक्काच तिला सोसत नाही.

तापल्यावर रोध का वाढावा? माणसे रांगेत शांत उभी असतील तर त्यांच्यामधून वाट काढणे सोपे. तीच माणसे विसर्जनाच्या मिरवणुकीत नाचू लागली की पाऊल टाकणे कठीण. धातूतल्या अणूंचे असेच आहे. उष्णतेने त्यांची थरथर वाढते आणि इलेक्ट्रॉनांची वाट अडते. तांब्याच्या तारेचा रोध एका अंशामागे सुमारे ०.४ टक्के वाढतो. २० अंशांची तार ७० अंशांवर गेली, की रोध जवळजवळ पाचव्या हिश्शाने वाढला. भिंतीतल्या जुन्या, बारीक तारांवर गीझर आणि एसीचा भार टाकताना हे ध्यानात ठेवावे. तार तापते म्हणून रोध वाढतो, आणि रोध वाढतो म्हणून ती आणखी तापते.

सगळेच पदार्थ मात्र असे वागत नाहीत. १८३३ साली मायकेल फॅरेडे यांना सिल्व्हर सल्फाइडमध्ये उलटाच प्रकार दिसला. ते तापवले की वीज अधिक सहज वाहते! अशा पदार्थांत उष्णतेमुळे बांधलेले इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि वाहणारेच वाढतात. त्यांना आपण आज अर्धवाहक म्हणतो. मध्यरात्री तापाने फणफणलेल्या मुलाच्या काखेत आपण जो डिजिटल थर्मामीटर ठेवतो, त्याच्या टोकाशी बहुधा याच जातीचा एक चिमुकला तुकडा असतो. त्याचा रोध किती घटला, यावरून ताप किती ते कळते.

तापवल्यावर काय होते ते कळले. पण थंड करत गेले तर? नेदरलँडमधील लायडनचे हाइके कामरलिंग ओनेस या प्रश्नाच्या मागे लागले. १९०८ साली त्यांनी हेलियम वायू द्रवरूप केला. त्या वेळी काही शास्त्रज्ञांचा कयास होता, की अतिशीत अवस्थेत इलेक्ट्रॉनही गोठतील आणि वीज थांबेल. १९११ साली ओनेस यांच्या प्रयोगशाळेत पारा उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला, तेव्हा त्याचा रोध हळूहळू नव्हे, तर एकाएकी नाहीसा झाला. हीच अतिसंवाहकता. १९१४ साली त्यांनी शिशाच्या अतिशीत वेटोळ्यात प्रवाह सुरू केला. बॅटरी काढून घेतली, तरी तो तासन् तास फिरतच राहिला!

या शोधाचा लाभ आज रुग्णांना मिळतो. एमआरआयच्या बहुतेक मोठ्या यंत्रांत अतिसंवाहक तारांची वेटोळी द्रवरूप हेलियममध्ये बुडवलेली असतात. त्यांच्या जबरदस्त चुंबकत्वामुळेच मेंदूतली गाठ शस्त्राविना दिसते. पण ही थंडी टिकवणे खर्चाचे काम. १९८६ साली बेडनोर्झ आणि म्युलर यांनी त्या मानाने कमी थंडीत अतिसंवाहक होणारा पदार्थ शोधला. पुढच्याच वर्षी हेलियमपेक्षा पुष्कळ स्वस्त अशा द्रवरूप नायट्रोजनने भागेल, असा पदार्थही हाती आला. नेहमीच्या तापमानाला रोध शून्य झाल्याचा एक दावा २०२३ साली दक्षिण कोरियातून जगभर गाजला. पण इतरांनी तपासला तेव्हा तो टिकला नाही.

असा पदार्थ सापडला, तर वीजकेंद्रापासून आपल्या घरापर्यंत येताना तारा तापवण्यात वाया जाणारी वीज वाचेल. तोवर बटण दाबल्यावर येणाऱ्या प्रत्येक युनिटमागे वाटेतल्या थरथरत्या अणूंना थोडा कर द्यावाच लागणार.