फलकाखालची पाटी : पूरक फलकांचे व्याकरण

रस्त्याकडेच्या खांबावर वर्तुळ, त्रिकोण किंवा चौकोन यांपैकी एखाद्या आकाराचे मुख्य वाहतूक चिन्ह असते आणि त्याच्या खाली बऱ्याचदा पांढऱ्या जमिनीवर काळ्या अक्षरांची, काळ्या किनारीची एक आयताकृती पाटी लावलेली असते. तांत्रिक परिभाषेत या पाटीला पूरक फलक म्हणतात, आणि शिकाऊ चालकाच्या अभ्यासात सर्वांत कमी लक्ष तिच्याकडेच जाते. काय करावे, काय करू नये किंवा कशापासून सावध राहावे एवढेच मुख्य चिन्ह सांगते. ती आज्ञा कोठून कोठपर्यंत, कोणत्या वेळी आणि कोणत्या वाहनाला लागू आहे, हे पाटी ठरवते. मराठी व्याकरणाच्या परिभाषेत बोलायचे तर चिन्ह हे क्रियापद आहे आणि पाटीवरचा मजकूर कधी स्थलवाचक, कधी कालवाचक क्रियाविशेषण, तर कधी ‘खेरीज’, ‘शिवाय’ यांसारखे व्यतिरेकवाचक अव्यय. क्रियापद तेवढे वाचून वाक्य समजले असे मानणारा चालक अर्ध्या वाक्यावर गाडी चालवत असतो.

नागपूरच्या रामदासपेठेत हे अर्धे वाक्य पुरत नाही. सेंट्रल बाजार रोड आणि कॅनॉल रोड यांच्या परिसरात रुग्णालये, निदान केंद्रे आणि औषधांची दुकाने दाटीने उभी आहेत, त्यांत विद्यापीठाचा परिसर आणि निवासी गल्ल्याही आहेत, आणि रुग्णवाहिका, रुग्णांना सोडायला आलेल्या मोटारी, ऑटोरिक्षा व दुचाकी या सर्वांना एकच रस्ता एकाच वेळी हवा असतो. अशा वस्तीत सरसकट मनाई अंमलात आणता येत नाही आणि सरसकट मोकळीक परवडत नाही, म्हणून नियम वेळेनुसार, बाजूनुसार आणि वाहनानुसार वाटून द्यावा लागतो. ही वाटणी चालकापर्यंत पोहोचवण्याचे साधन म्हणजे पूरक फलक. रुग्णालयाजवळ हॉर्नवर तिरपी रेघ मारलेल्या लाल वर्तुळाखाली ‘शांतता क्षेत्र’ अशी पाटी असेल, तर तिच्यामागे ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० उभे असतात. या नियमांनुसार रुग्णालये, शैक्षणिक संस्था आणि न्यायालये यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो आणि तेथे दिवसा ५० व रात्री ४० डेसिबल ही मर्यादा असते. त्यामुळे या पाटीचा अर्थ खांबापाशी संपत नाही, तो परिसरभर पसरतो, आणि फलक मागे पडताच हॉर्नवर हात नेणाऱ्याने तो वाचूनही चुकीचा वाचलेला असतो.

भारतातील रस्त्यांच्या परिभाषेशी नागपूरचे नाते जुने आहे. १९२७ साली मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या रस्तेविकास समितीच्या शिफारशींतून पुढे डिसेंबर १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था उभी राहिली, आणि १९४३ साली प्रांतोप्रांतीच्या मुख्य अभियंत्यांनी नागपुरात भरलेल्या परिषदेत देशाची पहिली वीस वर्षांची रस्ते योजना आखली, जी ‘नागपूर योजना’ या नावानेच ओळखली जाते. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग आणि ग्राममार्ग ही रस्त्यांची उतरंड या योजनेने रूढ केली. पुढे इंडियन रोड्स काँग्रेसने १९७७ साली रस्ताचिन्हांची संहिता, ‘आयआरसी ६७’, प्रसिद्ध केली. सावधगिरीचा त्रिकोण धोक्यापासून किती आधी लावावा हे तिने याच उतरंडीवर बेतले : सपाट प्रदेशात राष्ट्रीय व राज्य महामार्गावर १२० मीटर, प्रमुख जिल्हा मार्गावर ९०, इतर जिल्हा मार्गावर ६० आणि ग्राममार्गावर ४० मीटर. संहितेच्या पुढच्या आवृत्त्यांत, उदाहरणार्थ २००१, २०१२ आणि २०२२ साली, बरीच भर पडली आणि बदल झाले. पण धोका ठरलेल्या अंतरापेक्षा जवळ किंवा दूर असेल तर ते पाटीवर लिहून सांगायचे, हे तत्त्व बदलण्याचे कारण नव्हते.

अंतराच्या या पाटीवर नवशिक्यांचा सर्वाधिक गोंधळ होतो, कारण अंतर दोन प्रकारचे असते. त्रिकोणाखाली नुसते ‘२०० मी.’ असले तर धोका दोनशे मीटरनंतर सुरू होतो. आकड्याच्या दोन्ही अंगांना वर रोखलेले बाण असले तर तो आकडा धोक्याच्या पट्ट्याची लांबी सांगतो, म्हणजे धोका येथूनच सुरू होऊन तेवढ्या अंतरापर्यंत टिकतो. ८ नोव्हेंबर १९६८ रोजी व्हिएन्ना येथे झालेल्या रस्ताचिन्हविषयक आंतरराष्ट्रीय करारात या दोन पाट्यांचे नमुने वेगवेगळे दिलेले आहेत. फरक किती मोलाचा आहे हे साध्या गणिताने कळते : ताशी ५० किलोमीटर वेगाने वाहन सेकंदाला सुमारे १४ मीटर जाते, म्हणून दोनशे मीटर संपायला साधारण १४ सेकंद लागतात. पहिल्या अर्थाने हा वेग कमी करण्याचा अवधी आहे. दुसऱ्या अर्थाने तो धोक्यातच घालवायचा काळ आहे.

अक्षरांवाचून बोलणारी पाटी पाहायची असेल तर रेल्वे फाटकाकडे वळावे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या पहिल्या अनुसूचीत फाटकाच्या पूर्वसूचनेची दोन चिन्हे आहेत : त्रिकोणाखाली दोन तिरप्या पट्ट्या असलेले २०० मीटर आधीचे, आणि एकच पट्टी असलेले ५० ते १०० मीटर आधीचे. पट्ट्या दोनावरून एकावर आल्या की रूळ जवळ आला, ही खूण अक्षरओळख नसलेल्यालाही रात्रीच्या दिव्यात कळावी अशी आहे. पूरक खुणेची याहून चांगली रचना क्वचितच सापडेल.

पाटीला कायद्याचे बळ कोठून येते, हेही शिकाऊ चालकाने जाणून घेतले पाहिजे. अधिनियमाच्या कलम ११५ नुसार राज्य शासन किंवा त्याने प्राधिकृत केलेला अधिकारी एखाद्या रस्त्यावर विशिष्ट वाहनांना मनाई करू शकतो किंवा निर्बंध घालू शकतो, आणि असा निर्बंध महिन्याहून अधिक काळ राहणार असेल तर त्याची अधिसूचना राजपत्रात काढावी लागते. कलम ११६ फलक उभारण्याचा अधिकार देते आणि कलम ११९ चालकाला आदेशात्मक चिन्ह पाळण्यास बांधते. तेव्हा ‘जड वाहनांना, सकाळी ८ ते रात्री ८’ ही ओळ रंगाऱ्याने सुचवलेली नसते, ती अशा आदेशाचा गोषवारा असते. वेळ संपली की मनाई थांबते, पण तेवढ्याने सर्व मोकळे होत नाही : रुग्णालयाच्या प्रवेशद्वारासमोर, पदपथावर किंवा पादचारी पट्ट्यांवर वाहन उभे करू नये हा नियम कोणत्याही पाटीवाचून आणि कोणत्याही वेळी लागू असतो.

शिकाऊ अनुज्ञप्तीच्या परीक्षेत मात्र हा विचार फारसा तपासला जात नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११ प्रमाणे उमेदवाराला चिन्हे, रस्त्याचे नियम, अपघातप्रसंगीची कर्तव्ये आणि पहारेकरी नसलेले रेल्वे फाटक ओलांडताना घ्यायची काळजी यांवर प्रश्न विचारले जातात आणि किमान ६० टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात. जून २०२१ पासून महाराष्ट्रात ही चाचणी घरबसल्या देता येते, म्हणून नागपूरच्या उमेदवाराला गिरीपेठेतील आरटीओपर्यंत जावेही लागत नाही. सोय मोठी आहे. पण पडद्यावर चिन्ह एकटे, स्थिर आणि स्वच्छ दिसते, तर रस्त्यावर ते पाटीसह, झाडाच्या फांदीआड आणि धावत्या वाहनातून दिसते. प्रश्नसंचात चिन्ह आणि पाटी जोडीने दाखवून ‘आता, या वाहनाला, येथे काय लागू आहे?’ असे विचारण्यास कोणतीच अडचण नसावी.

तशा प्रश्नासाठी महाराष्ट्रातील शहरांत सर्रास दिसणारी पी-१ आणि पी-२ ही जोडी उत्तम उदाहरण ठरेल. पी-१ च्या बाजूला विषम तारखेला आणि पी-२ च्या बाजूला सम तारखेला वाहन लावता येते. व्हिएन्ना करारातील सम-विषम चिन्हे मात्र मनाईची आहेत : तेथे एक उभी रेघ असलेले चिन्ह विषम तारखेला त्या बाजूस वाहन लावू नये असे सांगते. परदेशात चालवायला शिकून परतलेल्या मराठी माणसाला हाच आकडा नेमका उलटा वाचायची सवय असू शकते. आणखी एक खाच दिनदर्शिकेत आहे. रोज बाजू बदलायची अशी सवय ज्याने लावून घेतली आहे, तो एकतीस दिवसांच्या महिन्याअखेर फसतो, कारण ३१ तारीख विषम आणि दुसऱ्या दिवशीची १ तारीखही विषम. वर्षात सात वेळा, आणि लीप वर्षात २९ फेब्रुवारी धरून आठ वेळा, मध्यरात्र उलटली तरी गाडी पी-१ च्याच बाजूला राहू द्यायची असते.