व्हिडिओ गेममधील आवाजांची घडण

व्हिडिओ गेमचे नाव काढताच पुष्कळांच्या डोळ्यांपुढे पडद्यावर नजर खिळवून बसलेले घरातले एखादे मूल उभे राहते. त्या मुलाचे डोळे जितके गुंतलेले असतात तितकेच कानही गुंतलेले असतात, हे मात्र सहसा आपल्या ध्यानात येत नाही. ते आवाज कोणी तरी मुद्दाम घडविलेले असतात. ही घडण शिकावयाची तर काय शिकावे लागते, एवढाच प्रश्न आम्ही येथे घेतला आहे.

प्रारंभ अगदी साधा होता. १९७२ साली अमेरिकेतील अटारी कंपनीचा ‘पाँग’ हा खेळ आला. त्यात प्रेक्षकांचा जल्लोष ऐकू यावा अशी वरिष्ठांची इच्छा होती. पण तसा आवाज काढण्याची सामग्री अॅलन अल्कॉर्न या अभियंत्याजवळ नव्हती. यंत्रातील विद्युत्मंडलात आयते सापडलेले स्वरच त्याने चेंडूच्या टोल्यासाठी वापरले. पुढे १९७८ मध्ये जपानच्या तोमोहिरो निशिकादो यांच्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये चार जड स्वर एकसारखे वाजत राहत, आणि शत्रू कमी होत जातील तसतशी त्यांची लय वाढे. खेळणाराची छाती धडधडू लागे ती त्या लयीने. आवाज हा खेळाचा अलंकार नसून खेळणाऱ्यास मिळणारी खबर आहे, हे तेथे स्पष्ट झाले.

चित्रपटाशी तुलना केली म्हणजे या कामातील खरी अडचण कळते. चित्रपटात दार एकदाच आणि ठरलेल्या क्षणी वाजते. खेळात तेच दार खेळणारा शंभर वेळा उघडील, कधी हळू, कधी धाडकन! पावलांचे तर विचारूच नका. एकच पाऊल ध्वनिमुद्रित करून पुनःपुन्हा वाजविले तर कान ती लबाडी चटकन पकडतो. म्हणून दगड, चिखल, लाकूड अशा प्रत्येक जमिनीसाठी पाचसहा पावले मुद्रित करावयाची, एकच पाऊल लागोपाठ येऊ द्यावयाचे नाही, आणि प्रत्येक वेळी स्वराची उंची व जोर किंचित बदलावयाचा. थोडक्यात, येथे एक आवाज द्यावयाचा नसून आवाजांचे एक कुटुंब व त्याच्या वागण्याचे नियम द्यावयाचे असतात. ते नियम खेळाला जोडण्यासाठी ‘एफमॉड’ व ‘वाइज’ यांसारखी साधने आहेत.

नवशिक्याला वाटते की, महागडी यंत्रे हवीत. आमच्या मते प्रारंभी मोबाइलचा मायक्रोफोन आणि ‘ऑडॅसिटी’ हा मोफत मिळणारा प्रोग्रॅम पुरे. दिसते एक आणि वाजते दुसरेच, ही या विद्येतील मौज आहे. नारळाच्या दोन करवंट्या एकमेकींवर आपटल्या की घोडा दौडू लागतो. चामड्याच्या पिशवीत मक्याचे पीठ भरून दाबले की बर्फावर पाऊल पडते. (पीठ घेण्यापूर्वी स्वयंपाकघराची परवानगी काढावी हे बरे.) १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातील बंदुकांचा आवाज बेन बर्ट यांनी मनोऱ्याला ताण देणाऱ्या तारेवर हातोडी मारून मिळविला होता.

यापुढचा अभ्यास कानाचा. एखाद्या खेळाचे मिनिटभराचे चित्रण घ्यावे, त्याचा आवाज बंद करावा आणि सगळे आवाज नव्याने करून बसवावेत. मग दुसऱ्यास खेळावयास बसवून आपण डोळे मिटावेत. शत्रू कोठून आला, वार लागला की हुकला, हे नुसते ऐकून समजते काय? वीस आवाज एकदम उठले तर त्यांतले कोणते दाबावयाचे, हा निर्णय यंत्र आपण होऊन घेत नाही; तो शिकणाऱ्यालाच घ्यावा लागतो. सुंदर आवाजांचा साठा करणारे पुष्कळ भेटतात, हा निर्णय घेणारे थोडे.

मिटलेल्या डोळ्यांची ही कसोटी काहींच्या बाबतीत केवळ अभ्यास नसते. २०२० साली ‘नॉटी डॉग’ या संस्थेने काढलेल्या ‘द लास्ट ऑफ अस, भाग दुसरा’ या खेळात उडी कोठे मारावयाची, वाकावयाचे कोठे, वस्तू उचलावयाची कोठे, यांसाठी निरनिराळे ध्वनिसंकेत ठेवले आहेत. अंध व्यक्तींनी तो खेळ शेवटपर्यंत खेळून पुरा केला आहे. दोन संकेत एकमेकांसारखे वाटले तर डोळस माणूस थोडा चिडेल आणि पडद्याकडे पाहील. अंध खेळाडूचा डाव तेथेच अडेल. म्हणून त्या खेळात या संकेतांचा एक कोशच दिलेला आहे. त्यातला प्रत्येक आवाज अर्थासह आधी ऐकून घेता येतो.