लॅमिनेशन यंत्राची निवड : शाळेकरिता व घराकरिता

प्राथमिक शाळेतील अक्षरकार्डे, शब्दपट्ट्या, अंकतक्ते व ओळखपत्रे ही रोज हाताळली जाणारी साधने होत. मुलांचे घामेजलेले हात, पावसाळ्यातील दमट हवा आणि वारंवार होणारी उचलठेव यांमुळे साध्या कागदावरील कार्ड महिन्या-दोन महिन्यांत निकामी होते. जुलै २०२१ मध्ये निपुण भारत अभियान सुरू झाल्यापासून अशा साधनांचा वापर वाढला आहे. त्याबरोबर शाळेसाठी लहान लॅमिनेशन यंत्र घ्यावे काय, हा प्रश्नही अनेक मुख्याध्यापकांसमोर येतो.

कोल्हापूर शहरातील शिवाजी पेठेचे उदाहरण घ्यावे. ही पेठ महानगरपालिकेच्या हद्दीत असली, तरी जिल्हा परिषदेच्या शाळांत काम करणाऱ्या शिक्षकांची घरे तेथे आहेत. पेठेत झेरॉक्सच्या दुकानात जाऊन कागद लॅमिनेट करून आणणे हे दहा मिनिटांचे काम होय. परंतु तोच शिक्षक सकाळी गगनबावडा किंवा राधानगरी तालुक्यातील शाळेत पोहोचला म्हणजे परिस्थिती अगदी वेगळी असते. तेथे दुकान दूर, पाऊस अधिक आणि कागदाची नासाडी लवकर. म्हणून यंत्राचा विचार घरासाठी एका रीतीने व शाळेसाठी दुसऱ्या रीतीने करावा लागतो.

यंत्राचे कार्य

लॅमिनेशनचे पाऊच म्हणजे एका कडेला जोडलेल्या प्लॅस्टिकच्या दोन पातळ पापुद्र्यांचे पाकीट होय. प्रत्येक पापुद्र्याची बाहेरची बाजू पॉलिएस्टरची असते. ती यंत्रातील उष्णतेने वितळत नाही. आतील बाजूस उष्णतेने मऊ होणाऱ्या गोंदासारख्या प्लॅस्टिकचा थर असतो. पाऊच यंत्रात घातले म्हणजे तापलेल्या भागातून जाताना हा थर वितळतो, आणि रबरी रुळांच्या दाबाने कागदाला व समोरच्या पापुद्र्याला घट्ट चिकटतो. थंड झाल्यावर तो पुन्हा कठीण होतो. उष्णता, दाब आणि वेग या तिहींचा मेळ बसला तर काम स्वच्छ होते. उष्णता कमी पडली तर पाऊच दुधाळ दिसते. जास्त झाली तर त्याला सुरकुत्या व लाटा येतात.

निवड करताना पाहावयाच्या गोष्टी

पहिली गोष्ट रुंदीची. ए-४ कागद २१० मिलिमीटर रुंद व २९७ मिलिमीटर लांब असतो. ए-३ हा त्याच्या दुप्पट, म्हणजे २९७ बाय ४२० मिलिमीटर असतो. पाऊच कागदापेक्षा थोडे मोठे असल्याने यंत्राचे तोंडही तेवढे रुंद हवे. घरगुती कागदपत्रांना ए-४ चे यंत्र पुरते. शाळेत तक्ते व नकाशे करावयाचे असल्याने ए-३ चे यंत्र घेणे हिताचे. त्यात लहान कागदही करता येतात, मात्र लहान यंत्रात मोठा कागद जात नाही.

दुसरी गोष्ट जाडीची. पाऊचची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात; एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. भिंतीवर लावण्याच्या तक्त्याला ८० मायक्रॉनचे पाऊच चालते, मुलांच्या हाती द्यावयाच्या कार्डांना १२५ मायक्रॉनचे योग्य, आणि गळ्यात अडकवावयाच्या ओळखपत्राला त्याहून जाड लागते. येथे एक घोटाळा नेहमी होतो. वेष्टनावरील आकडा कधी एका पापुद्र्याचा, तर कधी दोहोंचा मिळून असतो. १२५ मायक्रॉनचे दोन पापुद्रे मिळून २५० होतात. म्हणून दुकानदारास आकडा एका बाजूचा की दोन्ही बाजूंचा, हे विचारून घ्यावे व आपले यंत्र तेवढी जाडी घेते काय ते पाहावे.

तिसरी गोष्ट रुळांची. स्वस्त यंत्रांत दोन रूळ असतात. चार रूळ असलेल्या यंत्रात दाब अधिक सारखा पडतो व कागद सपाट निघतो. चौथी गोष्ट उष्णता कमी-अधिक करण्याच्या बटणाची. एकच ठराविक उष्णता देणारे यंत्र एकाच जाडीच्या पाऊचला बरे. शाळेला निरनिराळ्या जाडीची पाऊचे लागत असल्याने हे बटण असावे. पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : अडकलेले पाऊच मागे घेण्याची सोय. उलट फिरण्याचे बटण किंवा रूळ सैल करणारा खटका नसेल, तर वाकडे गेलेले एक पाऊच रुळाला गुंडाळून संपूर्ण यंत्र बंद पाडते.

विजेचा खर्च फारसा नाही. ५०० वॅटचे यंत्र सलग दोन तास चालले तरी एक युनिट वीज लागते. मात्र अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटलाच ते जोडावे. यंत्राचा काही भाग शंभर अंशांच्या वर तापत असल्याने ते शिक्षकांनीच चालवावे. विद्यार्थ्यांनी कागद लावून देणे व कडा कापणे एवढेच काम करावे.

खरेदी परवडते काय ?

याचे उत्तर साध्या त्रैराशिकाने मिळते. समजा, यंत्राची किंमत ३,००० रुपये, एका पाऊचची ६ रुपये आणि दुकानातील दर एका पानास २० रुपये आहे. तर प्रत्येक पानामागे १४ रुपये वाचतात, आणि सुमारे २१५ पाने झाल्यावर यंत्राची किंमत वसूल होते. आपल्या गावचे प्रत्यक्ष दर घालून हेच गणित प्रत्येकाने करावे. साठ विद्यार्थ्यांच्या शाळेत कार्डे, तक्ते व ओळखपत्रे मिळून एवढी पाने वर्ष-दोन वर्षांत होतात. उलट वर्षाला दहा पाने करणाऱ्या कुटुंबाला त्यासाठी एकवीस वर्षे लागतील. तेव्हा शिवाजी पेठेत राहणाऱ्या कुटुंबाने जवळच्या दुकानात जाणेच शहाणपणाचे. तालीम मंडळास मात्र दर हंगामात खेळाडूंची ओळखपत्रे करावयाची असतील, तर त्याने आपला हिशेब निराळा मांडावा. पटसंख्या अल्प असलेल्या शाळांनी केंद्रशाळेत मिळून एक यंत्र ठेवावे व वार ठरवून वापरावे. शाळेच्या पैशातून घेतलेल्या यंत्रास शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव व जडसंग्रह नोंदवहीत नोंद आवश्यक आहे.

वापरण्याची रीत

यंत्र सुरू केल्यावर तयार असल्याचा दिवा लागेपर्यंत थांबावे. कागद पूर्ण कोरडा असावा. पावसाळ्यात ओलसर कागदाची वाफ होऊन आत बुडबुडे येतात. शाईच्या छपाईचा कागद काही तास वाळू द्यावा. टाचण्या व पिना काढाव्यात. पाऊच जोडलेल्या कडेकडून, सरळ आत सरकवावे. कागदाच्या चारही बाजूंस निदान ३ मिलिमीटर पाऊच मोकळे राहावे. एका मोठ्या पाऊचमध्ये अनेक कार्डे ठेवल्यास त्यांच्यामध्ये ८ ते १० मिलिमीटर अंतर ठेवावे, म्हणजे कापल्यावर प्रत्येकाला स्वतःची बंद कड उरते. कागदालगत कापल्यास कड उघडी पडून पाणी आत शिरते. टोकदार कोपरे मुलांच्या डोळ्यांस धोकादायक असल्याने ते गोलाकार कापावेत. मेणखडूची चित्रे उष्णतेने फाकतात, आणि दुकानातील यंत्रातून निघणारी गुळगुळीत पावती काळी पडते. ती लॅमिनेट करू नये. लॅमिनेट केलेल्या सरावपत्रावर पुसता येणाऱ्या पेनाने लिहिल्यास तेच पत्र पुनःपुन्हा वापरता येते.

काय लॅमिनेट करू नये

यंत्र हाती आले म्हणजे प्रत्येक जुना कागद सुरक्षित करावा, असा मोह होतो. हा मोह आवरला पाहिजे. वितळलेला थर कागदाच्या तंतूंत शिरतो. तो काढू गेल्यास कागदच फाटतो. लॅमिनेशन म्हणजे जतन, हा समजही बरोबर नाही; आम्लयुक्त कागद प्लॅस्टिकच्या आतही ठिसूळ होतच राहतो. मूळ दाखल्याच्या पाठीवर पुढे शेरा किंवा शिक्का मारता येत नाही, आणि उठावाचा ठसा दाबून सपाट होतो, त्यामुळे पडताळणीत अडचण येते.

शाळेच्या जनरल रजिस्टराबाबत तर विशेष दक्षता हवी. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. त्या परंपरेतील जुन्या शाळांच्या नोंदी आजही उपयोगी पडतात. जात पडताळणीत अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीच्या पुराव्यांना मोठे महत्त्व असते, व पुष्कळ कुटुंबांजवळ आजोबा-पणजोबांच्या शाळाप्रवेशाची नोंद हाच असा पुरावा असतो. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामानिमित्त शाळांची जुनी प्रवेश-निर्गम रजिस्टरे तपासली गेली, तेव्हा त्यांचे मोल सर्वांना दिसून आले. त्यांतील काही नोंदी मोडी लिपीत असतात. असे एक पान उष्णतेने सुरकुतले किंवा त्याची फिकट शाई दुधाळ थराखाली गेली, तर एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रवेशाचा वा शिष्यवृत्तीचा आधारच नाहीसा होतो. जीर्ण पानांसाठी पुराभिलेखागारातील जाणत्यांचा सल्ला घ्यावा. कोल्हापुरात शासनाचे असे कार्यालय आहे.

पंचगंगेच्या २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांचा अनुभव असलेल्या जिल्ह्यात कागद पाण्यापासून वाचविण्याची काळजी रास्तच आहे. तिचा उपाय असा : मूळ कागद न चिकटविता प्लॅस्टिकच्या उघडता येणाऱ्या पिशवीत ठेवून उंच फळीवर ठेवावा, त्याची स्वच्छ प्रतिमा संगणकात जतन करावी, आणि छायाप्रत लॅमिनेट करून रोजच्या वापरास घ्यावी. आधारच्या बाबतीतही डाउनलोड केलेली प्रत मुळाइतकीच ग्राह्य असल्याने लॅमिनेशन तिचेच करावे.

वाया गेलेले लॅमिनेशन रद्दीत जात नाही, कारण कागद व प्लॅस्टिक वेगळे करता येत नाहीत; ते जाळूही नये. म्हणून वर्षानुवर्षे उपयोगी पडेल तेच लॅमिनेट करावे.

सारांश, जे झिजते व पुन्हा करता येते, ते लॅमिनेट करावे. जे एकमेव आहे, ते करू नये. प्रत्येक मुख्याध्यापकांनी यंत्राजवळ ही सूचना ठळक अक्षरांत लावावी, आणि ती मात्र अवश्य लॅमिनेट करावी.