चिमुकली ग्रंथी, मोठा आधार

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारखी एकेक लहानशी ग्रंथी बसलेली असते. वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. हिलाच अधिवृक्क किंवा अ‍ॅड्रीनल ग्रंथी म्हणतात. वाटेत साप आडवा आला की छाती धडधडते, पायांत बळ येते. ही किमया तिच्या गाभ्यातून, म्हणजे मध्यकातून, स्रवणाऱ्या अ‍ॅड्रिनलीनची, एवढे बहुतेकांस ठाऊक असते.

परंतु जीविताचा खरा भार वाहते ते मध्यकाभोवतीचे बाह्यक. तेथील कॉर्टिसॉल रक्तातील साखर व रक्तदाब सावरून धरते आणि आजारपणात शरीराला तग धरावयास लावते. अल्डोस्टेरॉन मूत्रावाटे मीठ वाया जाऊ देत नाही. दिवसेंदिवस क्षीण होत जाणारे, कांती काळवंडलेले काही रुग्ण लंडनचे डॉ. थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ मध्ये वर्णिले. त्यांच्या याच ग्रंथी रोगग्रस्त झाल्या होत्या. कित्येकांच्या बाबतीत कारण होते क्षय.

पुढे बाह्यकातील द्रव्यांच्या संशोधनाबद्दल केंडल, राइखस्टाइन व हेंच यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यातूनच आलेली स्टेरॉइड औषधे आज दमा, संधिवात अशा विकारांत अनेकांना दिलासा देतात. आम्हांस वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे ते येथेच.

रक्तातील कॉर्टिसॉलचा अंदाज घेऊन मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी अधिवृक्काला हुकूम सोडते. गोळ्यांवाटे बाहेरून पुरवठा होऊ लागला की हे हुकूम थांबतात. काही आठवड्यांत अधिवृक्क सुस्तावते, पुढे आक्रसतेही. अशा वेळी ‘आता बरे वाटते’ म्हणून किंवा कोणी भीती घातली म्हणून गोळ्या एकाएकी बंद केल्या, तर बाहेरचा पुरवठा तुटतो आणि घरची ग्रंथी जागी झालेली नसते. मग उलट्या, भोवळ, रक्तदाब कोसळणे आणि प्रसंगी प्राणसंकट. ग्रंथी पूर्ववत होण्यास कधी कधी कित्येक महिने लागतात.

म्हणून दीर्घकाळ घेतलेल्या या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने क्रमाक्रमानेच उतरवाव्यात. जुन्या चिठ्ठीवर परस्पर आणू नयेत, शेजाऱ्यालाही देऊ नयेत. जोराचा ताप आला किंवा शस्त्रक्रिया ठरली, तर आपण त्या घेत असल्याचे डॉक्टरांस प्रथम सांगावे. घरातील वडीलधाऱ्यांच्या औषधांच्या डब्यात अशी गोळी आहे काय, हे एकदा विचारून ठेवणे प्रत्येक कुटुंबाच्या हिताचे आहे.