जुन्या मालवाहू गाडीतील टर्बोची उष्णता

परभणी जिल्ह्यात रब्बी ज्वारीची मळणी आटोपली की कडब्याची वाहतूक सुरू होते व ती भर उन्हाळ्यापर्यंत चालते. वैशाखात दुपारचे तापमान ४२ अंशांच्या वर जाते. अशा वेळी कडब्याने लादलेली जुनी पिकअप गाडी जिंतूरकडील चढ चढत असता बॉनेटखाली किती उष्णता साठते, याची कल्पना चालकास सहसा नसते.

टर्बोची रचना साधी आहे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोराने एक लहान चक्र फिरते. त्याच दांड्यावरील दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. अधिक हवा मिळाल्याने अधिक डिझेल जळते व तेवढ्याच इंजिनातून अधिक शक्ती निघते. आल्फ्रेड ब्युची या स्विस अभियंत्याने या कल्पनेचे पेटंट १९०५ साली घेतले. लहान गाड्यांत हा दांडा मिनिटास एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो आणि त्यास आधार असतो तो केवळ तेलाच्या पातळ थराचा. ओझ्याखाली धुराचे तापमान ५०० अंशांच्या पुढे सहज जाते.

चढ संपताच किंवा वेगाने येऊन गाडी एकदम बंद केली, तर तेलाचा प्रवाह थांबतो. टर्बो मात्र तप्तच राहतो. आतील तेल जळून त्याचा कोळसा होतो, नळ्या तुंबतात व दांडा झिजतो. म्हणून गाडी थांबविल्यावर इंजिन दोन-तीन मिनिटे मंद चालू ठेवावे. एवढे डिझेल फुकट गेले असे वाटेल, परंतु नव्या टर्बोच्या किमतीपुढे ते काहीच नव्हे. तापलेल्या टर्बोवर पाणी कधीही ओतू नये. बिडास तडा जातो.

टर्बोभोवती कारखान्यातून बसवून आलेला पत्र्याचा आडपडदा जुन्या गाडीत पुष्कळदा आढळत नाही. दुरुस्तीच्या वेळी मेस्त्रीने तो काढलेला असतो आणि चार बोल्टांचा आळस म्हणून परत लावलेला नसतो! हा पत्रा अवश्य बसवावा. तो टर्बोस चिकटलेला नसावा. मध्ये बोटभर मोकळी जागा असावी, कारण उष्णता अडविण्याचे निम्मे काम त्या हवेचेच असते. विजेच्या तारा, रबरी नळ्या व ब्रेकची नळी तेथून दूर बांधाव्यात. धुराच्या नळीस उष्णतारोधक पट्टी गुंडाळण्याची रीत आहे. पण पट्टीत तेल मुरले तर तीच पेट घेते. तेलाची गळती असलेल्या गाडीस ती मुळीच गुंडाळू नये.

बॉनेटची मागील कड वाशर घालून उचलण्याचा उपाय काही जण करतात. मंद गतीत गरम हवा तेथून निघते खरी, परंतु वेगात काचेपुढील हवेचा दाब उलट आत शिरतो. त्यापेक्षा रेडिएटर स्वच्छ ठेवणे अधिक फलदायी. मानवत किंवा सेलूच्या बाजारात कापूस नेणाऱ्या गाड्यांच्या जाळीत रुईचे तंतू व धूळ बसून वारा अडतो. इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने हवा मारून ते काढावेत.

इंजिन काळा धूर सोडत असेल, तर हवेची गाळणी तुंबलेली असते किंवा जोर वाढावा म्हणून पंपाचे डिझेल वाढविलेले असते. दोन्ही कारणांनी धूर अधिक तापतो. गाळणी बदलावी, पंप जाणकाराकडून मूळ मापावर आणावा.

सर्वांत मोठा धोका आगीचा आहे. टर्बोवर साठलेला कडब्याचा भुसा, रुई व तेलाचा थर रोज सकाळी, इंजिन थंड असताना, साफ करावा. तापलेली गाडी गंजीजवळ किंवा वाळलेल्या गवतावर उभी करू नये. गाडीत कोरड्या पावडरीचे अग्निशामक असावे. बॉनेटमधून धूर निघू लागल्यास इंजिन तात्काळ बंद करावे व बॉनेट एकदम उघडू नये, कारण आत शिरलेल्या हवेने ज्वाळा भडकते. फटीतून पावडर मारावी व माणसांना कडब्यापासून दूर न्यावे.