लक्ष्मीपूजनाची मुक्कामी गाडी

सणासुदीच्या दिवसांत सार्वजनिक वाहतूक चालू ठेवावी की तिलाही सुट्टी द्यावी, हा प्रश्न महाराष्ट्रात सहसा उघडपणे विचारला जात नाही, कारण ती चालणारच हे गृहीत धरलेले असते आणि चर्चा होते ती जादा गाड्या किती सोडल्या याचीच. प्रत्यक्षात वाहतूक चालवणाऱ्या संस्था या प्रश्नाची दरवर्षी वेगवेगळी उत्तरे देत असतात. पुणे मेट्रोने २०२५ च्या अनंत चतुर्दशीला विसर्जन मिरवणुकीसाठी सलग ४१ तासांची सेवा जाहीर केली आणि पुढे दीड महिन्याने, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, संध्याकाळी सहा वाजता गाड्या थांबवल्या. धुळवडीला तर तिचे दरवाजे दुपारपर्यंत उघडतच नाहीत. दिल्ली मेट्रोही रंगाच्या दिवशी दुपारी अडीचनंतर सुरू होते आणि दिवाळीच्या रात्री शेवटची गाडी नेहमीपेक्षा लवकर, दहा वाजता सोडते.

वरवर विसंगत वाटणाऱ्या या निर्णयांमागे एक साधे तत्त्व आहे, ते असे की सण कोठे साजरा होतो यावर त्या दिवशीच्या प्रवासाची गरज ठरते. विसर्जनाचा उत्सव रस्त्यावर होतो आणि लाखो माणसे त्यासाठी घराबाहेर पडतात, म्हणून त्या रात्री मुंबईत जादा लोकल आणि बेस्टच्या जादा बस सोडाव्या लागतात; लक्ष्मीपूजन घरात किंवा दुकानात होते, आणि तिन्हीसांजेच्या मुहूर्ताला बसथांबे ओस पडतात. मात्र दोनच दिवसांनी भाऊबीज येते, आणि ती प्रवासाशिवाय होऊच शकत नाही, कारण भावाने बहिणीकडे किंवा बहिणीने माहेरी जाणे हाच त्या सणाचा गाभा आहे. म्हणजे एकाच दिवाळीत वर्षातील बहुधा सर्वात रिकामी संध्याकाळ आणि सर्वात भरलेला दिवस एकमेकांच्या शेजारी येतात, आणि या दोहोंना ‘सुट्टी’ या एकाच नावाखाली लोटले की नियोजन चुकणारच. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर सार्वजनिक सुट्टीला अनेकदा रविवारचे वेळापत्रक लावले जाते, म्हणजे फेऱ्या कमी केल्या जातात. सुट्टीला कोणी प्रवास करत नाही हा कचेरीत जाणाऱ्या माणसावरून बेतलेला समज त्यामागे आहे, आणि भाऊबीजेला लेकराबाळांसह, पिशव्या सांभाळत निघालेल्या कुटुंबांना त्या समजाचा अर्थ फलाटावर कळतो.

राज्य परिवहन महामंडळाच्या, म्हणजे एसटीच्या, बाबतीत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. जादा गाडी ही कोठेतरी झाकून ठेवलेली, सणापुरती बाहेर काढलेली गाडी नसते. ती दुसऱ्या कोणत्या तरी मार्गावरून काढून आणलेली असते. गणेशोत्सवात कोकणासाठी हजारो गाड्या मुंबई-ठाण्याकडे आणल्या जातात तेव्हा त्या इतर विभागांच्या आगारांतून येतात आणि तितके दिवस तेथील फेऱ्या विरळ होतात. दिवाळीत शाळांना सुट्टी असल्याने विद्यार्थ्यांसाठीच्या फेऱ्या बंद ठेवून त्या गाड्या लांब पल्ल्याकडे वळवल्या जातात, आणि त्याच फेरीने बाजाराला किंवा दवाखान्यात जाणाऱ्या खेड्यातल्या प्रवाशाची सोय त्यांच्याबरोबरच जाते. शिवाय सणाचा प्रवास एकतर्फी असतो. भारमान, म्हणजे गाडीतील एकूण आसनांच्या तुलनेत भरलेल्या आसनांचे प्रमाण, वसुबारसेच्या सुमारास पुण्या-मुंबईहून बाहेर जाताना शंभरीला टेकते, तर तीच गाडी परतताना जवळजवळ रिकामी धावते आणि भाऊबीजेनंतर हे चित्र नेमके उलटे होते. त्यामुळे खचाखच भरलेली जादा गाडी पाहून महामंडळाची चांदी झाली असे समजणे हा हिशेब अर्धाच आहे.

हा रिकाम्या परतीचा खर्च काही अंशी भरून निघावा म्हणून एसटी दिवाळीत हंगामी भाडेवाढ करत आली, आणि ती साधारण दहा टक्के असे. २०२४ मध्ये ती रद्द झाली; २०२५ मध्ये जाहीर होऊन, अतिवृष्टीच्या पार्श्वभूमीवर, मागे घेतली गेली. प्रवाशाला दिलासा मिळाला हे खरे, पण जानेवारी २०२५ मध्ये मूळ भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले होते, म्हणजे सणाला न गेलेल्या प्रवाशानेही वर्षभर जास्त पैसे मोजले. खासगी बसगाड्यांच्या बाबतीत शासनाने २७ एप्रिल २०१८ च्या निर्णयाने भाड्याची कमाल मर्यादा तशाच प्रकारच्या एसटी गाडीच्या भाड्याच्या दीडपट अशी ठरवली आहे, त्यामुळे एसटीचे भाडे ही खासगी भाड्याचीही मोजपट्टी ठरते. ती मर्यादा ऐन दिवाळीत किती पाळली जाते, हे तिकीट काढणाऱ्या कोणालाही विचारावे. एसटी धावत असताना निदान तुलनेला एक दर तरी समोर असतो. ती थांबली की तोही राहत नाही.

ती थांबल्याचे प्रसंग फार जुने नाहीत. १७ ऑक्टोबर २०१७ रोजी, धनत्रयोदशीला, सातव्या वेतन आयोगाच्या मागणीसाठी एसटी कर्मचाऱ्यांनी संप सुरू केला. मुंबई उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवल्यानंतर पाडव्याच्या रात्री तो मागे घेण्यात आला आणि भाऊबीजेच्या दिवशी गाड्या पुन्हा रस्त्यावर आल्या. २०२१ मध्ये राज्य शासनात विलीनीकरणाच्या मागणीवरून सुरू झालेले आंदोलन दिवाळीतच पसरले आणि पुढील एप्रिलपर्यंत लांबले. त्या काळात शासनाला खासगी बस आणि शालेय बसनाही प्रवासी वाहतुकीची परवानगी द्यावी लागली. दोन्ही वेळा दिवाळीचा मुहूर्त साधला गेला हा योगायोग मानता येत नाही. सणाला गाडी चालवण्याचे मोल सर्वाधिक असते, म्हणून ती थांबवण्याचेही मोल सर्वाधिक असते, आणि एरवी हे मोल मागण्याची रीतसर वाट नसली की ते संपाच्या वाटेने मागितले जाते. प्रवाशांना वेठीला धरले, ही त्या वेळची तक्रार न्याय्य होती; पण चालक-वाहकांची दिवाळी वर्षानुवर्षे गृहीत धरली जाते याची तक्रार करायला मात्र फारसे कोणी पुढे आलेले नाही.

ब्रिटनने या प्रश्नाचे नेमके दुसऱ्या टोकाचे उत्तर दिले आहे. तेथे २५ डिसेंबरला देशभरातील रेल्वे जवळजवळ पूर्ण बंद असते आणि लंडनची भुयारी रेल्वे १९७९ नंतर नाताळच्या दिवशी धावलेली नाही. ही प्रथा अनादी काळापासूनची नव्हे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथे नाताळलाही गाड्या धावत होत्या, आणि स्कॉटलंडमध्ये तर नाताळ १९५८ पर्यंत सार्वजनिक सुट्टीचा दिवसही नव्हता. मोटारगाड्या वाढल्या, प्रवासी घटले आणि १९६० च्या दशकात ही सेवा आटत गेली. रिकाम्या रुळांचा उपयोग आता दुरुस्तीसाठी होतो, पण त्यातही धोका असतोच: २७ डिसेंबर २०१४ रोजी काम वेळेत न संपल्याने लंडनचे किंग्ज क्रॉस स्थानक बंद राहिले आणि प्रवाशांची झुंबड फिन्सबरी पार्क या त्या मानाने लहान स्थानकावर उडाली. ज्यांच्याकडे मोटार नाही अशा रुग्णालयातील आणि हॉटेलांतील कामगारांना पूर्ण बंदीचा फटका बसतो तो वेगळाच. त्या व्यवस्थेची एक बाजू मात्र महाराष्ट्राने पाहण्याजोगी आहे. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला, भुयारी रेल्वे चालवण्यासाठी तिप्पट वेतन मिळावे म्हणून चालकांच्या संघटनेने २०१० पासून लागोपाठ तीन वर्षे संप केले आणि त्यापायी फुटबॉलचे सामनेही पुढे ढकलावे लागले. ती मागणी अवाजवी होती की नाही हा वाद बाजूला ठेवला, तरी सणाच्या दिवशीच्या श्रमाची वेगळी किंमत असते हे तेथे उघडपणे बोलले गेले.

महाराष्ट्रात हीच किंमत ‘सेवाभाव’ या शब्दाखाली झाकली जाते. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार अधिनियमाने दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास, साप्ताहिक सुट्टी आणि ती हुकल्यास बदली सुट्टी ही तत्त्वे घालून दिली होती, पण बदली सुट्टी कार्तिकातल्या कोणत्याही मंगळवारी मिळाली तर तिने दिवाळी भरून येत नाही. मुक्कामी गाडीवर हे विशेष जाणवते. संध्याकाळी खेड्यात जाऊन रात्री तेथेच थांबणारी आणि पहाटे पहिली फेरी करून तालुक्याला परतणारी ती मुक्कामी गाडी. लक्ष्मीपूजनाच्या रात्री तिच्यातून हाताच्या बोटांवर मोजण्याइतके प्रवासी उतरतात आणि चालक-वाहक दोघेही परक्या गावात झोपतात. अशा फेऱ्यांपैकी ज्यांना पर्यायी वाहन किंवा जवळचा मुख्य मार्ग आहे त्या त्या एका रात्रीपुरत्या आधी जाहीर करून बंद ठेवाव्यात, ज्यांना तो नाही त्या चालवाव्यात आणि त्यांवरील कर्मचाऱ्यांना ठरावीक सणभत्ता द्यावा. भाऊबीजेला मात्र एकही फेरी कमी करू नये. यासाठी पैसा लागेल, आणि तो हंगामी भाडेवाढीतून येणार की शासनाच्या तिजोरीतून, हे सांगण्याचे धैर्य भाडेवाढ रद्द करताना दाखवले गेले पाहिजे.

असे निर्णय मध्यवर्ती कार्यालयातून सगळीकडे एकसारखे लादता येत नाहीत, याचे कारण कधी कधी पंचांगातच सापडते. २०२५ मध्ये केंद्र सरकारची दिवाळीची सुट्टी २० ऑक्टोबरला होती आणि दिल्ली मेट्रोने त्याच रात्री गाड्या लवकर थांबवल्या; महाराष्ट्रातील लक्ष्मीपूजन २१ तारखेला होते.