अस्वामिक धन आणि वारसांचे शोधक

शाकुंतलाच्या सहाव्या अंकांत एक लहानसा प्रसंग आहे. शकुंतलेच्या विरहानें व्याकुळ झालेल्या राजाकडे पाहतां पाहतां रसिकांचें त्याकडे सहसा लक्ष जात नाहीं. समुद्रमार्गें व्यापार करणारा धनमित्र नांवाचा एक सावकार गलबत फुटून बुडाला. त्यास मूलबाळ नव्हतें. सबब त्याची सारी संपत्ति राजाच्या खजिन्यांत जमा होणार, असें अमात्यानें लिहून कळविलें. दुष्यंतानें होय म्हणावें, एवढेंच बाकी होतें. पण तो विचारतो कीं, एवढ्या धनिकाच्या स्त्रिया अनेक असतील; त्यांपैकीं कोणी गर्भवती आहे काय, याची चौकशी करा. चौकशी झाली. साकेतच्या एका श्रेष्ठीची कन्या ही त्याची पत्नी, आणि तिचें पुंसवन नुकतेंच झालेलें. तो गर्भच पित्याच्या धनाचा धनी, असा निवाडा झाला.

येथें ज्याला धन मिळावयाचें तोच राजा वारसाचा शोध करवितो, आणि त्याबद्दल कवडीही घेत नाहीं. हेंच काम आज इंग्लंडांत खासगी पेढ्या पोटासाठीं करितात. त्या धंद्याची हकीकत मोठी विचार करण्याजोगी आहे.

इंग्लंड व वेल्स या देशांत मृत्युपत्र न करितां मेलेल्या मनुष्याच्या धनाची वांटणी मुख्यतः १९२५ च्या कायद्यानें होते. प्रथम पति किंवा पत्नी आणि मुलें, तीं नसल्यास आईबाप, मग सख्खीं भावंडें व त्यांची संतति, मग आई किंवा बाप एकच असलेलीं सावत्र भावंडें, मग आजा-आजी, आणि शेवटीं चुलते, आत्या, मामा, मावशा व त्यांचे वंशज. येथें साखळी संपते. केवळ पणजा एक असलेल्या भावास त्या कायद्यांत स्थान नाहीं. लग्नावांचून वीस वर्षें एका घरांत राहिलेल्या सोबत्यासही आपोआप हक्क पोंचत नाहीं. त्यानें १९७५ च्या कायद्याचा आधार घेऊन कोर्टाची पायरी चढावी. आणि आजारीपणांत पेज करून घालणाऱ्या शेजारणीनें सरकारकडे अर्ज करावा. कृपा झाली तर कांहीं मिळेल.

वरील साखळींतलें कोणीच न आढळल्यास तें धन राजाचें. त्यास लॅटिन भाषेंत ‘बोना व्हेकान्शिया’ म्हणतात. आपल्याकडील ‘अस्वामिक’ या शब्दाचा अर्थही तोच. लँकेस्टर व कॉर्नवॉल येथील डचींचा प्रांत वगळला, तर अशा धनाची व्यवस्था ट्रेझरी सॉलिसिटर या अधिकाऱ्याकडे असते. ही व्यवस्था पुरी झाल्यापासून बारा वर्षांच्या आंत खरा वारस उभा राहिला, तर त्यास धन व्याजासह परत मिळतें. पुढेंही मृत्यूपासून तीस वर्षांपर्यंत व्याजावांचून देण्याची वहिवाट आहे. मनूनें अशा धनासाठीं तीनच वर्षांची मुदत सांगितली आहे. या बाबतींत इंग्रज सरकार मनूहून उदार म्हटलें पाहिजे.

वारसांस कळावें म्हणून अशा मृतांची यादी सरकार प्रसिद्ध करीत असे. तींत नांव, मृत्यूचें ठिकाण, तारीख, विवाहित कीं अविवाहित, अशी माहिती असे. पैसा किती तें नसे. या यादीवर वारस-शोधक पेढ्यांची घारीसारखी नजर. नवें नांव दिसलें कीं तीन-चार पेढ्या एकाच मृताच्या मागें लागत, आणि जी आधीं वारसाच्या दारांत पोंचेल तिला काम मिळे. बी.बी.सी.नें २००७ पासून कित्येक वर्षें ही शर्यत घरोघर दाखविली.

त्यांचीं साधनें मात्र अगदीं साधीं, आणि आमच्यासारख्या जुन्या मास्तरास मोह पाडणारीं आहेत. त्या देशांत १८३७ च्या जुलैपासून जन्म, विवाह व मृत्यु यांची सरकारी नोंद आहे, आणि ठराविक फी भरून कोणासही तिचा दाखला मिळतो. १९११ च्या उत्तरार्धापासून जन्माच्या सूचींत बाळाच्या नांवापुढें आईचें माहेरचें आडनांवही छापलें जाऊं लागलें. दिसावयास ही क्षुल्लक गोष्ट. पण साऱ्या धंद्याची किल्ली तींत आहे. स्मिथ आडनांवाचीं मुलें हजारों. परंतु आईचें माहेर एखाद्या विरळ आडनांवाचें असलें, कीं त्या घरचीं सारीं भावंडें एका सकाळींत हातीं लागतात. खानेसुमारीचे कागद शंभर वर्षांनीं खुले होतात. १९२१ चे २०२२ सालीं झाले. १९३१ चे कागद १९४२ सालीं आगींत जळाले, आणि १९४१ सालीं युद्धामुळें खानेसुमारीच झाली नाहीं. मधली ही खांड १९३९ च्या सप्टेंबरांत ओळखपत्रांसाठीं केलेल्या नोंदवहीनें बरीचशी भरून निघते. असा वंशवृक्ष वर आजा-आजीपर्यंत चढवावयाचा, मग प्रत्येक फांदीनें खालीं उतरावयाचें, आणि अखेरच्या पानावर जो जिवंत असेल त्याचें दार ठोठावावयाचें.

दार उघडणाऱ्यास कोणी तरी नातेवाईक वारला एवढेंच सांगतात. कोण, तें सांगत नाहीत. प्रथम करारावर सही, मग नांव. मिळणाऱ्या रकमेंतून दहा टक्के, कधीं वीस, कधीं तिसांच्याही वर पेढीचे. शोध फुकट गेला तर पेढीचें नुकसान, हें खरें. म्हणून या धंद्यास आम्ही नीच म्हणणार नाहीं. जें धन वारसास कधींच कळलें नसतें, त्यांतलें बरेंचसें त्याच्या पदरांत पडतें. पण तीन दिवसांच्या शोधास आणि तीन वर्षांच्या शोधास भाव एकच, आणि सही घेतांना समोरचा मनुष्य अंधारांत, हें न्याय्य वाटत नाहीं. या धंद्यास तेथें सरकारी परवाना लागत नाहीं. फ्रान्समध्यें मात्र २००६ च्या कायद्यानें, ज्याचा वारसाशीं रास्त संबंध आहे अशा कोणा तरी व्यक्तीचा आदेश असल्याखेरीज वारसाचा शोध करण्यास सामान्यतः मनाई झाली.

यादीचा दुसराही उपयोग होऊं शकतो, हें २०२५ सालीं उघडकीस आलें. निराधार मृतांचीं नांवें पाहून भामट्यांनीं त्यांच्या नांवें बनावट मृत्युपत्रें केलीं आणि घरेंदारें गिळलीं, असें बी.बी.सी.नें बाहेर काढलें. त्यावर सरकारनें ती यादी लोकांच्या नजरेपुढून काढून घेतली. वारसास हांक मारावी तर ती चोरासही ऐकूं जाते!

मात्र टक्क्यांच्या या हिशेबांत एक गोष्ट कोणी विचारीत नाहीं. ज्याचें धन वांटलें जात आहे, त्याच्या शेवटच्या दिवशीं हे सारे कोठें होते? नातलग पुढें न आल्यास तेथें प्रेताची व्यवस्था स्थानिक कौन्सिलास करावी लागते. १९८४ च्या कायद्यानें तें त्याचें कर्तव्य आहे. वारस सांपडतो तो पुष्कळदां त्यानंतर. आपल्या शास्त्रकारांनीं पिंड आणि धन यांची गांठ मारिली होती. त्या गांठीचा जीमूतवाहनानें तर दायभागांत पायाच केला. मिताक्षरेनें सपिंड, समानोदक, बंधु, आणि तेही नसल्यास आचार्य, शिष्य व सहाध्यायी असे वारस सांगितले. ब्राह्मणाचें धन राजानें कधींच घेऊं नये, अशी स्मृतीची आज्ञा. पण मच्छलीपट्टणच्या कलेक्टराच्या खटल्यांत १८६० च्या सुमारास प्रिव्ही कौन्सिलानें तेंही सरकारजमा होऊं शकतें असें ठरविलें. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यांत आचार्य व शिष्य उरले नाहीत. नात्याचें कोणीच नसेल तर धन सरकारकडे जातें.

हा विषय या मासिकांत मांडण्याचें कारण आतां सांगतों. आज आपल्यापैकीं किती घरांतील मुलें इंग्लंडांत स्थायिक आहेत! त्यांतला एखादा एकटा राहिलेला गृहस्थ मृत्युपत्रावांचून तेथेंच वारला, तर त्याच्या ठेवींचा वारस पुण्यांतला एखादा आतेभाऊ असूं शकतो. शोधकाचें पत्र आलें, तर घाई करूं नये. मृताचा अंदाज घरांतल्या घरांत करावा, टक्केवारी कमी करण्याविषयीं लिहावें, जमल्यास दाखले स्वतः मागवावे. आणि आगाऊ पैसे मागणाऱ्यास उत्तरच देऊं नये, कारण खरी पेढी आपला हिस्सा शेवटीं घेते.

पण त्या शोधकास आपलें घर सांपडणार कसें? माहेरची गोदावरी सासरीं लक्ष्मी होते, आडनांव बदलतें तें वेगळेंच. आणि पन्नास वर्षें सगळ्यांनीं ‘माई’ म्हटल्यावर दोन्ही नांवें नातवंडांस ठाऊक नसतात. ‘नाना’ हें कोणाचें नांव, तें लंडनच्या कारकुनानें कसें ओळखावें? त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या चोपड्या आहेत, कुलवृत्तांत आहेत. चित्पावन घराण्यांनीं ते विसाव्या शतकांत मोठ्या कष्टानें छापिले. परंतु आम्हीं पाहिलेल्या जुन्या कुलवृत्तांतांत पुरुषांच्या पिढ्या बारकाईनें उतरविल्या आहेत, आणि मुलीपुढें ‘अमक्यांस दिली’ एवढेंच, पुष्कळदां तेंही नाहीं. तिच्या संततीचा धागा तेथेंच तुटतो. आणि वर सांगितलेल्या इंग्रजी कायद्यास तर आतेभाऊ, मावसभाऊ चुलतभावाइतकेच जवळचे. ज्या घराण्यांत नवी आवृत्ति काढण्याचें चाललें असेल, त्यांनीं मुलीचें माहेरचें नांव, सासरचें नांव, गांव आणि मुलें असे चार रकाने तरी वाढवावे. घरांतील एखाद्या वृद्ध आत्याबाईंजवळ वही घेऊन बसलें, तर ते बहुतेक एका दुपारींत भरतील.